व्यसनमुक्तीच्या ग्रँटचा पैसा आधी नॅलोक्सोनवर घाला

आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, फेंटॅनिल हे वेदना मारणारं जबर औषध रोजचंच आहे. दोन एमएलचा एवढासा अँप्युल, त्यात १०० मायक्रोग्रॅम औषध, कुलपातनं काढायचा, किती दिलं किती टाकलं सगळं रजिस्टरला लिहून सही करायची आणि रिकामा अँप्युलसुद्धा मोजून परत द्यायचा. मॉर्फिनच्या साधारण १०० पट स्ट्राँग आहे ते! भुलीचे डॉक्टर उशाला असतात, मॉनिटर चालू असतो, ट्रेमध्ये त्याचा असर उतरवणारं नॅलोक्सोन असतं, म्हणून पेशंटला काही होत नाही.

अमेरिकेत हेच चोरून बनवून नकली गोळ्यांत घालतात, पोरं दुखण्याची गोळी समजून एक घेतात आणि श्वासच थांबतो. दोन मिलिग्रॅम पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. २०२२ मध्ये तिकडं सिंथेटिक ओपिऑइडनं, म्हणजे अफूसारख्या असराच्या कृत्रिम औषधांनी, ७० हजारांच्या वर माणसं गेली, बहुतेक फेंटॅनिलनंच. घरं उजाड झाली हो.

माझा भाचा ओहायोत शिकतो. परवा फोनवर म्हणाला, आत्या, इथं लायब्ररीच्या भिंतीवर नॅलोक्सोनच्या स्प्रेची पेटी आहे, कुणीपण काढून नाकात मारायचा. मला लई बरं वाटलं ऐकून. तिथलं केंद्र सरकार २०१८ पासून राज्यांना ओपिऑइडसाठी खास ग्रँट देतंय, त्यातनं हा स्प्रे घेता येतो, व्यसनावरचे उपचार चालतात, आणि २०२१ मध्ये गोळीत फेंटॅनिल आहे का ते बघायच्या पट्ट्या घ्यायलापण मुभा दिली. २०२३ मध्ये तर स्प्रे बिनचिठ्ठीचा केला. माझ्या मते ग्रँटचा खरा उपयोग हाच, कारण माणूस निळा पडतो तेव्हा शेजारी पोलीस नसतो, मित्र असतो नाहीतर आई असते, आणि हातात मिनिटंच असतात.

आपल्याकडं नशामुक्त भारत अभियान २०२० पासून आहे, रॅली निघतात, शपथा होतात, व्हायलाच पाहिजेत. पण कोल्हापुरात इंजेक्शनची नशा करणाऱ्या पोराच्या घरात नॅलोक्सोन कुठाय? ते आमच्या ट्रेमध्येच. त्याच्या आईला ते कसं द्यायचं हे शिकवायला पैसा ठेवा, एवढंच मागणं आहे.

तोवर एवढं ध्यानात ठेवा. माणूस हलवून उठत नाही, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, घोरल्यासारखा घरघर आवाज येतोय, तर झोपलाय म्हणून सोडू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. व्यसन सोडवायचं असेल तर १४४४६, पैसे लागत नाहीत.