स्वस्तातला प्रेशर वॉशर घेताना खोक्यावरचा कोणता आकडा वाचावा

कार धुण्यासाठी प्रेशर वॉशर शोधणारे बहुतेक जण खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहतात: १३० बार, १५० बार, १८० बार. हा कमाल दाब असतो. गन धरून सलग पाणी मारताना मिळतो तो कामाचा दाब, आणि तो बरेचदा कमाल दाबाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकाच भरतो. कारच्या रंगाला ८० ते १०० बार कामाचा दाब पुरेसा आहे. (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, म्हणजे हा पट्टा सुमारे ११५० ते १४५० पीएसआयचा.) त्याहून जास्त दाबासाठी पैसे मोजून कार अधिक स्वच्छ होत नाही, उलट रंगाला धोका वाढतो.

खरा उपयोगी आकडा म्हणजे दर मिनिटाला किती लिटर पाणी पडतं. दाब चिखल सुटा करतो, पण तो वाहून नेतं ते पाणी. दाब सारखा असेल तर मिनिटाला ५ लिटरवाल्यापेक्षा ७ लिटरवाल्या मशिनने चाकाच्या कमानीतला गाळ लवकर निघतो. स्वस्त मशिनमध्ये ५.५ ते ७ लिटर मिळतात. ६ च्या खाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दाव्यात किती तथ्य आहे ते दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. बारचा आकडा आणि लिटर प्रतिमिनिटाचा आकडा गुणायचा, ६०० ने भागायचं. उत्तर येतं पाण्याला मिळणाऱ्या शक्तीचं, किलोवॅटमध्ये. १०० बार आणि ६ लिटर असतील तर १ किलोवॅट. मोटर आणि पंपात शक्ती वाया जाते, त्यामुळे एवढ्या कामाला १५०० वॅटच्या आसपासची मोटर लागते. आता समजा खोक्यावर १५०० वॅट, १५० बार आणि ८ लिटर असं छापलंय. गुणाकार २ किलोवॅटवर जातो, मोटरपेक्षाही जास्त. म्हणजे हा दाब आणि हा प्रवाह एकाच वेळी कधीच मिळणार नाहीत. माहितीपत्रकात ‘रेटेड’ (म्हणजे सलग चालताना मिळणारा) दाब आणि ‘रेटेड’ प्रवाह वेगळे दिले असतील तर तेच धरायचे. ते दिलेच नसतील तर ते मशिन बाजूला ठेवलेलं बरं.

मोटरचे दोन प्रकार असतात. स्वस्त मशिनमध्ये बहुधा कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते. ती हलकी, पण आवाज मोठा, आणि ब्रश झिजतात. ते बदलता येतात. ते सुटे मिळतात का, हे घेण्याआधीच विचारावं. इंडक्शन मोटर जड आणि महाग, पण आवाज कमी आणि आयुष्य जास्त. आठवड्याला एक कार धुवायची असेल तर ब्रशवाली पुरते, फक्त १५-२० मिनिटं चालवल्यावर तिला थंड होऊ द्यायचं. दोन-तीन गाड्या ओळीने धुणाऱ्याने मात्र इंडक्शनच घ्यावी.

ऑटो स्टॉप हवाच. गनचा ट्रिगर सोडला की मोटर थांबते, त्याला ऑटो स्टॉप म्हणतात. ही सोय नसेल तर ट्रिगर सोडल्यावर तेच पाणी पंपात फिरत राहतं, तापतं आणि सील (पाणी गळू न देणाऱ्या रबरी कड्या) खराब करतं. तशा मशिनवर दोन मिनिटांहून जास्त वेळ गन बंद ठेवू नये.

होज (मशिनपासून गनपर्यंतचा दाबाचा पाइप) कमीत कमी ८ मीटर असावा. ५ मीटरच्या होजने कारभोवती फिरताना मशिन ओढत न्यावं लागतं आणि जोडांवर ताण येतो. कडक प्लॅस्टिकचा होज गुंडाळी सोडत नाही, मुडपतो आणि मुडपल्या जागीच पुढे फुटतो. वेगळा होज घ्यायची वेळ आली तर एम-२२ जोडाकडे (२२ मिलिमीटर आट्यांचा जोड) नीट लक्ष द्या. आटे सारखेच असतात, पण आतली नळी काही मशिनवर १४ मिलिमीटरची तर काहींवर १५ ची असते. चुकीचा जोड घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि दाब येताच ओ-रिंगजवळून (जोडातली गोल रबरी कडी) गळतो. व्हर्नियरने मोजून घ्या, अंदाजाने नाही.

फोम कॅनन (गनला लावायची, शाम्पूचा फेस मारणारी बाटली) घेतलात तर त्याच्या आतल्या बारीक पितळी छिद्राचा आकार विचारा. बऱ्याच कॅननमध्ये ते १.२५ मिलिमीटरचं असतं. मिनिटाला ६-७ लिटरच्या मशिनवर त्यातून पातळ, पाणचट फेस येतो, आणि शाम्पू बदलून काही फरक पडत नाही. १.१ मिलिमीटरचं छिद्र बसवलं की फेस दाट होतो.

आता पाण्याचा पुरवठा, कारण नव्या मशिनबद्दलच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ इथेच असतं. १० लिटरची बादली नळाखाली ठेवून वेळ मोजा. ती एका मिनिटात भरली तर ७ लिटरच्या मशिनला नळ पुरेल. दीड मिनिट लागत असेल तर पुरवठा मिनिटाला सुमारे ६.७ लिटरच आहे. पंप जास्त पाणी मागतो, ते मिळत नाही, आत पोकळी तयार होते. धार धडधडते, आवाज बदलतो, आणि असंच चालवत राहिलं तर पंप खराब होतो. अशा ठिकाणी टाकी किंवा बादलीतून पाणी ओढू शकणारं मशिन घ्यावं. त्याला साधा बागेचा पाइप चालत नाही. तो ओढीने चपटा होतो. आत तारेची किंवा कडक प्लॅस्टिकची गुंडाळी असलेला पाइप, आणि टोकाला जाळी व एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह लागतो. पाइप आधी पाण्याने भरायचा, बादली मशिनच्या उंचीवर किंवा वर ठेवायची, लान्स (गनच्या पुढची लांब नळी) काढून गन दाबून धरायची आणि हवा निघून अखंड धार आली की लान्स बसवायची. मशिनच्या तोंडाची जाळी दर वेळी धुवा. बारीक वाळू आत गेली की पिस्टनचे सील लवकर झिजतात.

कारला २५ किंवा ४० अंशांचं पंख्यासारखं नोझल वापरा. शून्य अंशाची सरळ धार आणि फिरती टर्बो धार रंगावर कधीही नको. अंतर निदान ३० सेंटिमीटर ठेवा. टायरच्या बाजूच्या भिंतीला त्याहून जास्त. रंग उडालेली जागा, पुन्हा रंगवलेला भाग, स्टिकरची कड, दाराचं रबर, पार्किंग सेन्सर आणि रेडिएटरच्या पातळ पट्ट्या इथे जवळून मारू नका. बॉनेटखालच्या विजेच्या जोडांवर तर मुळीच नाही. आधी चाकं, मग सुटी धूळ वरून खाली धुऊन काढायची, फेस मारून चार-पाच मिनिटं थांबायचं (उन्हात नाही, फेस वाळून डाग पडतात) आणि धुवायचं. रंगाला चिकटलेला पातळ थर कोणत्याही घरगुती मशिनने पूर्ण जात नाही. त्यासाठी मायक्रोफायबर मिट (मऊ कापडी हातमोजा) आणि दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक मिट खळबळायला, लागतातच.

विजेचा वाढीव बोर्ड वापरायचा तर १५ मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची, त्यापुढे २.५ ची तार घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडा. बारीक तारेत व्होल्टेज पडतं, मोटर गुणगुणते पण उठत नाही. विजेची गळती होताच वीज तोडणारं, ३० मिलिअँपिअरचं गळती संरक्षण असलेल्या पॉइंटवरच लावा.

बंद करताना आधी स्विच, मग नळ, मग ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडायचा. हे न केल्यास सील दाबाखाली राहतात. गन बंद असतानाही मोटर दर काही सेकंदांनी आपोआप चालू-बंद होत असेल तर दाब कुठून तरी गळतोय. आधी गन आणि होजच्या जोडांवरच्या ओ-रिंग पाहा, तिथे काही सापडलं नाही तर पंपातला व्हॉल्व्ह तपासून घ्या.