दिमोनात नातलगांशी झालेल्या मुलाखती

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, कुटुंबातील वडीलधारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत, आणि आपण कोण, आपण काय मानतो, हे त्यांच्याच तोंडून, त्यांच्या रायगडी मराठीत नोंदवून ठेवण्याचे काम आणखी लांबणीवर टाकणे मला बरे वाटेना. म्हणून हैफाहून आगगाडीने बेर्शेबा आणि तिथून बसने दिमोना असा प्रवास करून मी नातलगांच्या मुलाखती घेऊन आले. दिमोना हे नेगेव वाळवंटात 1955 साली वसवलेले गाव. कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या आमच्या कितीतरी कुटुंबांना सरकारने अशाच नव्या वसाहतींत घरे दिली. आज तिथल्या दुकानांत पोहे, कोकम आणि कडवे वाल सहज मिळतात.

पहिली मुलाखत माझ्या आईच्या मावशीची. देवाविषयी तुझी श्रद्धा कशी आहे, असा प्रश्न मी पुष्कळ विचार करून काढला होता. मावशीआजी वाल सोलत बसली होती. ती म्हणाली, "अगो, शुक्रवारी सांजचा दिवा लावायचा, शनवारी चूल पेटवायची नाही, मटणात दूध-दही घालायचे नाही. ह्यात मानायचे म्हणून वेगळे काय राहिले?" मग ती आपण होऊन सणांकडे वळली. जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले त्या दुःखाचा उपास तिच्यासाठी आजही 'बिरड्याचा रोजा'च आहे, कारण तो बिरड्याच्या उसळीने सोडायचा. आणि योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, तिच्यासाठी 'दारफाळणी', कारण त्या दिवशी घराची दारे लावून घ्यायची आणि बाहेरच्या कोणाशी व्यवहार ठेवायचा नाही. श्रद्धेविषयी तिने याहून वेगळे काही सांगितले नाही, आणि मला ते पुरेसे वाटले. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या अशी आमची परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांकडे पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रंथ नव्हते. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा इस्रायल' ही प्रार्थना एवढ्यावर त्यांनी आपला धर्म जपला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्या घरांतली श्रद्धा हातांच्या कामांतून पुढे आली आहे, आणि मावशीआजीचे उत्तर मला त्याच घरांतले वाटले.

आईच्या मामांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, बोलणे मात्र फार जड गेले. ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून आले. त्याच सुमारास इथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, कार्यालयाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना अशा सूचना दिल्या होत्या की, बेने इस्रायल वधूवरांची आईकडील वंशावळ शक्य तितक्या मागे जाऊन तपासावी. आजोबांच्या लग्नाच्या वेळी त्यांना आजीच्या आजीबद्दल विचारण्यात आले. "ती अलिबागच्या बाजूला कबरस्तानात आहे, ती कुठून कागद आणणार?" हे वाक्य त्यांनी मुलाखतीत तीनदा उच्चारले. मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली बांधलेल्या शार हरहमीम सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराच्या, परिसरात ते वाढले. तिथे हिंदू, मुसलमान, पारशी शेजाऱ्यांपैकी कोणालाही ते यहुदी आहेत याविषयी कधी शंका आली नव्हती. ती शंका त्यांना पहिल्यांदा यहुद्यांच्याच देशात ऐकावी लागली. 1964 च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी यहुदीच आहेत असा ठराव केला. त्यानंतर त्या सूचनांतून आमच्या समाजाचे नाव वगळण्यात आले. आजोबा त्या धरण्यात बसले होते. देवावर कधी राग आला का, असे मी विचारल्यावर ते म्हणाले की देवाने त्यांच्याकडे कागद मागितले नव्हते.

तिसऱ्या पिढीचे म्हणणे अगदी निराळे आहे. माझा मावसभाऊ येशिवात, म्हणजे यहुदी धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकलेला आणि कडक धर्माचरण करणारा असून, मलिद्याला ग्रंथात आधार कुठे आहे, असा त्याचा प्रश्न आहे. त्याची आई मात्र घरात काही शुभ घडले, नवस फेडायचा असला, की मलिदा करतेच. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर आणि वेलची कालवून ती मोठ्या ताटात ढीग रचते, त्याभोवती फळे मांडते आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांचे नाव घेऊन प्रार्थना म्हटली जाते. मी गेले त्या दिवशी नातू सैन्यातून सुखरूप परतल्याचा मलिदा होता. मावसभावाने फळांवरचे आशीर्वाद शास्त्रशुद्ध हिब्रूत म्हटले, आणि मग आईच्या हातून प्रसाद घेऊन खाल्ला.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये यहुदी आणि भारतीय असा दोन्ही वंशांचा वारसा आढळला. मावसभावाला त्या निष्कर्षाचा मोठा आधार वाटतो. मावशीआजीने मी सांगितलेले ऐकून घेतले आणि वाल सोलणे चालू ठेवले. माझा कल मावशीआजीकडे आहे, तरीही मावसभावाची गरज मी हलकी मानत नाही. आजोबांना द्यावी लागलेली उत्तरे लहानपणापासून ऐकत वाढलेल्या मुलाला पुरावा हवासा वाटणे स्वाभाविक आहे.

पुढच्या मुलाखती लोद आणि अश्दोद येथील नातलगांच्या आहेत. अलिबाग, पेण, रोहे, चौल या भागांतील वाचकांच्या घरी यहुदी शेजाऱ्यांच्या, त्यांच्या घाण्यांच्या किंवा सणांच्या आठवणी कोणी सांगत असेल, तर त्या मला जरूर कळवाव्यात. आमच्या वडीलधाऱ्यांना त्या वाचून दाखवायची माझी इच्छा आहे.