घरभर लेकी

‘कोकणातून आली सखी, तिच्या मानेला दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी.’

आजीनं हे कोडं घातलं तेव्हा मी सातवीत होते. उत्तर मात्र सांगेना. म्हणाली, “डोकं चालव गं बाई.”

कोकण म्हटल्यावर मी नारळच धरून बसले. पण नारळ बुक्कीनं कुठला फुटायला? आणि फोडला तरी आत लेकी कुठायत? मग फणस. गरे घरभर होतात खरे, पण काटेरी फणसाला बुक्की कोण मारेल? दोन दिवस मी कोकणातच अडकले होते.

तिसऱ्या दिवशी आजी चटणीची तयारी करत होती. तिनं लसणाचा गड्डा पाटावर ठेवला, मुठीनं एक दणका दिला. पाकळ्या चुलीपर्यंत उडाल्या. त्या गोळा करताना माझे हात थांबले. “आजी, लसूण!”

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

किती नेमकं आहे हे! कोकण फक्त चकवायला. खरी किल्ली त्या बुक्कीत. रोज हातानं लसूण फोडणाऱ्या बाईलाच हे सुचलं असणार, आणि गड्डा फुटताना तिला लेकी दिसल्या, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.