काळं पडेपर्यंत

शनिवार

माटुंग्याला एक काम होतं, ते उरकून बाजारात शिरलो. मल्याळी दुकानाच्या दारात नेंद्र केळ्यांचा घड टांगलेला होता. आपल्याकडे केळी डझनावर, तिथे किलोवर. दुकानदाराने पाच केळी तोडून काट्यावर टाकली, एक किलोला थोडी वरच भरली. एकेक केळं वीतभर आणि वर चार बोटं, कडेला तीन धारा, साल जाड. खरं तर मला कोकणातली राजेळी केळी हवी होती. आजी वेंगुर्ल्याच्या घरी परसातल्या राजेळीचे तुपातले काप करायची. पण डोंबिवलीत राजेळी शोधायची कुठे? वसईच्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवलंय, तो दर वेळी राजेळीऐवजी सुकेळीचा पुडा आणतो. सुकेळीही त्याच केळ्याची, उन्हात वाळवलेली. तीही मी संपवतोच, तक्रार नाही.

नेंद्र जातीने राजेळीला जवळची, तशीच मोठी आणि घट्ट. म्हटलं, चालवून घेऊ.

सोमवार

राहवलं नाही. साल पिवळीधमक झाली होती. एक केळं सोलून काप केले नि तुपावर टाकले. रंग छान आला, पण तोंडात टाकल्यावर उकडलेला बटाटा. वर साखर भुरभुरली तर साखर लावलेला बटाटा.

वरच्या मजल्यावरच्या चेचीला, म्हणजे मल्याळी ताईला, जिन्यात गाठून विचारलं. ती त्रिशूरची. आधी पोटभर हसली. म्हणाली, पिवळं म्हणजे अजून कच्चंच, काळे ठिपके पडू द्या, मग ठिपके एकमेकांना भिडू द्या. साध्या केळ्यातला पिठूळपणा पिवळं होईपर्यंत गेलेला असतो, याच्यात तो बराच मागे राहतो आणि सावकाश साखर होत जातो. तिच्याकडे पळंपोरी करतात, म्हणजे लांब फाका मैद्याच्या हळद घातलेल्या पिठात बुडवून तेलात तळायच्या. तिकडे चहाच्या टपरीवर काचेच्या कपाटात मांडलेल्या असतात. ती पिठाचं प्रमाण सांगत होती, पण माझ्या डोक्यात आजीचे बिनपिठाचे काप बसलेले.

उरलेल्या चारपैकी दोन तांदळाच्या डब्यात पुरली, दोन खिडकीच्या गजाला टांगली. फ्रिज वर्ज्य. त्यात साल काळी होते आणि आतलं केळं पिकायचं थांबतं, नुसती फसवणूक.

शुक्रवार

आज जे झालं ते लिहून ठेवलं पाहिजे. डब्यातली दोन सकाळी काढली. काळी कुळकुळीत, देठाकडे मऊ, डबा उघडताच घमघमाट. संध्याकाळी करू म्हणून ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर ओटा स्वच्छ पुसलेला.

"अगं, केळी कुठायत?"

"सडली होती ती! देवळापुढच्या गाईला घालून आले."

बायको साताऱ्याकडची. तिच्या माहेरी केळं म्हणजे सोलून खायचं, नाहीतर शिकरण. काळं केळं तुपात तळतात हे तिला लग्नाला एकतीस वर्षं होऊनही मी कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा चूक कोणाची हे उघड आहे. तरी चहा मुकाट्याने घेतला. गाईचा मात्र हेवा वाटला.

आजीने माडीवरचा घड असाच राखलेला असायचा. आम्ही पोरं वासावर वर चढायचो. ती खालूनच ओरडायची, "केळा काळा पडल्याशिवाय हात लाव नको!"

रविवार

खिडकीतल्यांपैकी एक तयार झालं. आज सोलून तिरके काप केले, करंगळीएवढे जाड. तिरके कापले की तव्याला टेकायला जास्त जागा मिळते. पातळ केले तर उलटताना मोडतात. जळगावची साधी केळी वापरून एकदा असंच करायला गेलो होतो, तव्यावर गाळ झाला होता.

बिडाच्या तव्यावर दोन चमचे साजूक तूप, गॅस बारीक. सगळी गोम या बारीक गॅसमध्ये आहे. पिकलेल्या केळ्यात साखर इतकी असते की आच मोठी झाली तर बाहेरून कोळसा आणि आतून थंड. काप ठेवले आणि हात मागे बांधून उभा राहिलो. आधी कडेने तुपाचे बारीक बुडबुडे. मग काठ पिवळ्याचा मधासारखा होतो, आणि तो रंग हळूहळू आत सरकतो. घाईने उलथनं घातलं तर काप तव्याला धरून बसतो. रंग चढला की आपणहून सुटतो. उलटल्यावर मधली काळ्या बियांची नक्षी चकाकत होती. शेवटी चिमूटभर वेलची नि ओलं खोबरं. साखर लागलीच नाही.

पहिला काप बायकोला दिला. कडा चिवट गोड, आत किंचित आंबूस, खिरीसारखं मऊ. ती काही बोलली नाही. दुसरा स्वतःच उचलला, मग तिसरा. चौथ्याला म्हणाली, "गाईला एकच घालायला हवं होतं."

आजीचे असेच लागायचे का? जवळपास. ती तव्यावर झाकण ठेवायची की नाही हे आठवत नाही, आणि विचारायला आता कोणी उरलेलं नाही. पुढच्या वेळी झाकण ठेवून बघतो.

दुपारी चेचीने डबा पाठवला, पळंपोरी. गरम होती, तीही संपवली. आता डबा रिकामा परत द्यायचा नाही, म्हणजे काप करणं आलं. खिडकीतलं शेवटचं केळं देठाजवळ अजून दोन बोटं पिवळं आहे. बुधवारपर्यंत थांबावं लागेल. बायकोला दाखवून ठेवलंय.