आमची वाटचाल : गॅसचं रजिस्टर

आमचं दुकान कोपरखैरण्यात, एसी-फ्रिज रिपेरिंगचं. बोर्डावर नाव ह्यांचं, पण फोन घेणं, बिलं, उधारी, पोरांचे पगार हे पहिल्यापासून माझ्याकडे. हे आयटीआय करून ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला होते, तिथून सुटून स्वतःचं सुरू केलं तेव्हा घरोघरी विंडो एसी, त्यात थंडावा देणारा गॅस आर-२२, आणि जुन्या फ्रिजमध्ये आर-१२. गल्लीत आमच्यासारखी बरीच दुकानं होती आणि सगळ्यांचा धंदा एकच, गॅस भरा आणि पुढच्या घरी पळा.

मला टेक्निकल काही कळत नव्हतं, हिशोब कळायचा. सिलिंडर किती किलोचा आला ते डीलरच्या बिलावर असायचं, आपण गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये किती घातला ते कुठेच नाही, बिलावर नुसतं ‘गॅस चार्जिंग’. म्हणून एक रजिस्टर केलं आणि पोरांना सांगितलं की मशीनवर किती गॅस लिहिलाय आणि तुम्ही किती भरला ते रोज लिहायचं, आणि महिनाअखेरीला बेरीज काही केल्या जुळेना! पहिल्यांदा वाटलं कोणीतरी बाहेर विकतंय. ह्यांना विचारलं तर हे शांतपणे म्हणाले, अगं चोरी कसली, हवेत जातो तो. पाइपातली हवा बाहेर काढायला थोडा सोडतात, कॉइल साफ करायला सोडतात, मशीन उघडायचं तर आत उरलेला सगळाच सोडतात. म्हटलं पैसे मोजून आणलेली वस्तू आपण सोडून देतो? तर म्हणे सगळेच देतात.

मग डिजिटल वजनकाटा आणला. सिलिंडर काट्यावर ठेवूनच चार्जिंग करायचं आणि बिलावर ग्रॅम लिहायचे. पोरं हसली, वहिनी काय किराणा दुकान काढताय का म्हणून. पण गिऱ्हाइकाला ते आवडलं, डोळ्यासमोर आकडा दिसतो ना.

ओझोनचं नंतर कळलं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयात ओझोन सेल आहे, त्यांच्या योजनेतून एसी टेक्निशियनना ट्रेनिंग देतात, त्याला हे जाऊन आले. ओझोनचा थर वाचवायचा १९८७ चा मॉन्ट्रियल करार, आपण त्यात १९९२ ला गेलो, आर-१२ सारखे सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन गॅस, देशात २०१० पर्यंत बंद झाले, हे सगळं आमच्या धंद्यावर थेट आलेलं पण कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ह्या गॅसमधला क्लोरीन वर जाऊन ओझोन फोडतो, आणि क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू संपवतो. आर-२२ त्या मानाने सौम्य, आर-१२ ला १ धरलं तर हा ०.०५५. पण तापमान वाढवण्यात कमी नाही, १ किलो सोडला तर साधारण १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. म्हणजे माझ्या रजिस्टरमध्ये जे जुळत नव्हतं ते हे होतं.

त्यानंतर रिकव्हरी मशीन घेतलं. खरं सांगायचं तर पोरांना ते अजिबात आवडलं नाही, कारण वेळ खातं. नॉब उघडला की गॅस फुस्स करून जातो, तेच मशीनने सिलिंडरमध्ये ओढायचा तर थांबावं लागतं, त्यात तो सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, वेगळे गॅस एकत्र करायचे नाहीत, लेबल लावायचं. फ्लशिंग, म्हणजे पाइप आतून साफ करणं, आणि लीक टेस्ट ह्याला नायट्रोजन. तो जड सिलिंडर घेऊन रो-हाऊसचे अरुंद जिने चढायचे म्हणजे पोरं मनातून मला शिव्या देत असणार. पण आर-४१०ए हा नवा गॅस आला तशी कुरकुर थांबली, त्याचं प्रेशर आर-२२ च्या दीडपट-पावणेदोनपट आणि ऑइल ओलावा पटकन ओढतं, व्हॅक्यूम न करता, म्हणजे पंपाने पाइपातली हवा न ओढता, नुसती गॅसने हवा उडवून फिटिंग करणाऱ्यांचे कॉम्प्रेसर परत यायला लागले.

सगळ्यात जास्त भांडणं लीकवरून. लोकांना वाटतं एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपतो, दरवर्षी भरायचा. तो संपत नाही हो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी जातोय! आपल्याकडे खाडीच्या आणि नाल्याच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये तर कॉपर कॉइल काळी पडून बारीक भोकं पडतात, तिथे नुसता टॉप-अप केला तर पुढच्या सीझनला परत तेच. म्हणून आम्ही नियम केला की लीक शोधल्याशिवाय गॅस भरणार नाही. वाशीच्या एका सोसायटीचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, ह्याच्यावरून गेलं, सेक्रेटरी म्हणाले तुम्ही टेस्टिंगचे वेगळे पैसे लावता, दुसरा तासात भरून जातो. गेलं तर गेलं. वर्षभर टोचलं मात्र, खोटं कशाला बोलू.

आता शोरूमला ‘ओझोन फ्रेंडली’ स्टिकर बघून लोक विचारतात की मग आता सोडला तर काय होतं. आर-३२, आर-४१०ए ओझोनला हात लावत नाहीत हे खरं, पण आर-४१०ए चा तापमानवाढीचा आकडा २,०८८ आहे, आर-२२ पेक्षा जास्तच. आर-३२ चा ६७५. स्टिकर अर्धंच सांगतो. आर-२९० चा अगदीच थोडा, पण तो प्रोपेन, पेट घेतो, त्याला वेगळी मशीन लागते. काही जण आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये तोच भरून देतात ते बघून अंगावर काटा येतो. आमच्याकडे ज्याचं ट्रेनिंग झालंय तोच आर-२९० ला हात लावतो.

२०२५ पासून नवीन एसी बनवताना आर-२२ वापरता येत नाही, २०३० नंतर तो फक्त जुन्या मशीनच्या सर्व्हिसिंगला थोडासा मिळेल. त्यामुळे काढलेल्या गॅसला आता किंमत आहे, ज्या मशीनचा काढला त्याच्यातच फिल्टर करून परत घालतो आणि बिलावर तसं लिहितो, खराब झालेला वेगळ्या सिलिंडरमध्ये.

अजून एक, जुना एसी भंगारवाल्याला द्यायच्या आधी आम्हाला एक फोन करा. तो करवतीने पाइप कापतो आणि सगळा गॅस जातो. ऐरोलीपासून नेरुळपर्यंत कुठेही असाल तर पोरगा येऊन गॅस काढून नेईल, त्याचे पैसे लावत नाही. रविवार सोडून.