चोंगदाच्या कापडबाजारातला एक दिवस

चीनमधल्या ग्वांगझूत कापड खरेदीचा दिवस मेट्रोच्या तपासणीपासून सुरू होतो. स्टेशनात शिरतानाच पिशवी एक्स-रेच्या पट्ट्यावर टाकावी लागते. जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) मोजायला कापडाचा तुकडा कापणारं ब्लेडचं कटर आत दिसलं की पिशवी उघडा, समजावून सांगा, मागे रांग वाढते आहे... म्हणून मी ते नेतच नाही. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा आणि मोजपट्टी पुरते. दुकानातल्याच कात्रीनं 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वजनाला 100 नं गुणायचं. 1.8 ग्रॅम भरलं तर कापड 180 जीएसएमचं.

8 नंबरच्या लाइनवर चोंगदा स्टेशन. सुन यत-सेन विद्यापीठाच्या दक्षिणेला, रस्ता ओलांडला की इमारतींमागून इमारती, सगळ्या कापडाच्या. गुगल मॅपवर विसंबू नका. चीनमधले नकाशे वेगळ्या मोजणीवर बसवलेले असतात, त्यामुळे आपला निळा ठिपका काहीशे मीटर सरकून भलत्याच गल्लीत दिसतो. तिथलं अमॅप वापरायचं, आणि पत्ता विचारताना स्टेशनच्या कुठल्या फाटकातून बाहेर पडायचं ते आधी विचारायचं. चुकीच्या फाटकातून निघालात तर मोठा रस्ता मध्ये येतो.

पैशांची तयारी मात्र घरूनच करावी लागते. 2020 पासून आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशातला वापर आपोआप सुरू नसतो, तो बँकेच्या ॲपमधून आपणच सुरू करायचा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड अलीपेला, म्हणजे फोनवरून पैसे देण्याच्या तिथल्या ॲपला, जोडायचं. ओटीपी आपल्या नंबरवर येतो, तेव्हा रोमिंग हवंच. 200 युआनपर्यंत वेगळा आकार नाही, त्यावर गेलं की पूर्ण रकमेवर 3 टक्के. म्हणून नमुन्याच्या कापडाचे 340 झाले तर मी दोनदा 170 देतो, दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही. खरी अडचण येते छोट्या गाळ्यांवर. भिंतीवरचा क्यूआर कोड दुकानाचा नसून मालकिणीच्या स्वतःच्या खात्याचा असला, तर परदेशी कार्डावरून पैसे बहुतेक वेळा जात नाहीत. पुन्हा पुन्हा स्कॅन करण्यात अर्थ नसतो. 10 आणि 20 च्या नोटा काढायच्या. 100 ची नोट दिली तर सुट्ट्यांसाठी ती तीन गाळे फिरून येते.

भाव बोटांवर सांगितला की कॅल्क्युलेटर पुढे करा. तिकडे अंगठा आणि तर्जनी म्हणजे 8, आपण ते 2 समजतो. अंगठा आणि करंगळी म्हणजे 6.

मागावर विणलेलं कापड मीटरवर जातं, टी-शर्टसारखं होजिअरीचं कापड किलोवर. किलोवरच्या व्यवहारात दोन ठिकाणी फसायला होतं. एक, पुठ्ठ्याची नळी आणि प्लास्टिक. त्यांचं वजन वजा होतं की नाही हे भाव ठरण्याआधी विचारायचं. तिकडे याला ‘खोंगछा’ म्हणतात आणि तो शब्द तुमच्या तोंडून आला की समोरच्याचा सूर बदलतो. दुसरं, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. 185 सेंटिमीटर सांगितला जातो तो काठासकट. सुयांची भोकं आणि डिंक लागलेला दोन्हीकडचा 5-5 सेंटिमीटर काठ गेला की हातात 175 उरतात. म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त कापड पहिल्याच फटक्यात कात्रणात. मार्कर, म्हणजे कापायच्या भागांची मांडणी, 175 वर लावायचा आणि भावही त्यावरच काढायचा.

बोलणी चहावर चालतात. याच प्रांतातल्या चाओशान भागाकडचे व्यापारी इथे बरेच. पहिलं पाणी कपांवरून ओतून फेकून देतात, दुसऱ्यापासून चहा. कप जेमतेम दोन घोटांचा. ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करायचं, तेच धन्यवाद.

बारा-साडेबाराला डबे उघडतात आणि मग बाजार झोपतो. थानांच्या मधल्या जागेत घडीची खाट पडते, दिवा बंद. पुणेकराला परकं वाटू नये असं दृश्य. दोनपर्यंत कुणाला उठवू नये. उठवून मिळालेला भाव चांगला नसतो.

त्या दिवशी घोळ झाला तो यानंतर. गर्द निळ्या जर्सीची, म्हणजे टी-शर्टच्या कापडाची, 12 थानं ठरली होती. ट्यूबलाइटखाली सगळी एकसारखी. मी दोन थानांची टोकं सोडवून दारापाशी, उजेडात, विणीच्या उभ्या ओळी सारख्याच दिशेला ठेवून शेजारी-शेजारी धरली. एक किंचित लालसर निघालं. रंगाईची डेग, म्हणजे रंगवायचं मोठं भांडं, वेगळी. लेबलावर डेगेचा क्रमांक असतो, तो वाचता येत नसला तरी आकडे जुळतात का ते पाहता येतं. 12 पैकी 4 थानं दुसऱ्या डेगेची होती. एकाच टी-शर्टची बाही एका डेगेतून आणि अंग दुसऱ्यातून कापलं गेलं, तर माल थेट रिजेक्ट. मालकीण म्हणाली, धुतल्यावर फरक जाईल. जात नाही. 8 घेतली, 4 ठेवून दिली, आणि बिलावर डेगेचा क्रमांक लिहून घेतला.

थानं विजेच्या तीनचाकीवर चढली. या गाड्यांना आवाज नाही, मागून येऊन पायावर चढतील. शेजारच्या कांगले या वस्तीच्या गल्ल्यांत त्या अखंड फिरतात. तिथल्या इमारती इतक्या जवळ की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करावं. खाली शिलाईचे कारखाने, रस्त्याच्या कडेला मालक शिवलेला नमुना हातात धरून कारागीर शोधत उभे.

सहाला फोनची बॅटरी 3 टक्के. मेट्रोत शिरायचा क्यूआर कोड फोनमध्ये, आणि आत शिरल्यावर फोन मेला तर बाहेर पडताना खिडकीवर जावं लागतं. म्हणून मशीनमध्ये नोट घातली. खाली हिरवी प्लास्टिकची चकती पडली: आत जाताना टेकवायची, बाहेर पडताना फटीत टाकायची.