आधी कुलूप काढा

आज एका कपड्यांच्या कारखान्याचं ऑडिट केलं. फाइली चकाचक. पण हजेरीपटावर महिनाभराच्या सह्या एकाच हाताच्या, आणि आपत्कालीन दाराला कुलूप. "माल चोरीला जातो," म्हणे! तिथेच उभं राहून काढायला लावलं.

राणा प्लाझा आठवणारच, कपड्यांच्या कारखान्यांची ती इमारत. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळचं सावर. आदल्याच दिवशी इमारतीला तडे गेले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. इमारत कोसळली, १,१०० हून जास्त जीव गेले. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांनी कारखान्यांच्या सुरक्षेसाठी केलेल्या बांगलादेश करारात धोकादायक जागी, पगार न कापता, काम नाकारायचा हक्क आला. तो मशीनवरच्या बाईपर्यंत पोचायला नको?

आणि ब्रँडवाले? भाव पाडायचा, मुदत आवळायची, मग ओव्हरटाइमचा जाब कारखान्याला विचारायचा. रिपोर्टात हेही स्पष्ट लिहिलंय.